दोन चॅनेल, एक स्पीकर
मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायरचे दोन चॅनेल एकत्र करून एकच स्पीकर चालवण्याच्या पद्धतीला ब्रिजिंग म्हणतात. तीत एका चॅनेलचा संकेत दुसऱ्याच्या नेमका उलट केलेला असतो, म्हणजे एकीकडचा विद्युतदाब चढतो तेव्हा दुसरीकडचा उतरतो, आणि त्यांच्यामध्ये जोडलेल्या स्पीकरला दुप्पट दाब मिळून शक्ती, निदान कागदावर तरी, चौपट होते. मात्र स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, प्रत्येक चॅनेलला निम्माच जाणवत असल्याने ४ ओहमचा सबवूफर २ ओहमइतका भार टाकतो, प्रवाह वाढतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तापतो. त्यामुळे ब्रिज जोडणीसाठी उत्पादकाने दिलेली किमान ओहमची मर्यादा पाहिल्यावरच, आणि पुस्तिकेत दाखवलेल्या टोकांनाच, तारा जोडाव्यात.