मांडवीतला ताप आणि स्थायी समितीतली खुर्ची

१८९६चा पावसाळा सरत आला होता. मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागातल्या धान्याच्या वखारींत मेलेले उंदीर सापडू लागले होते, पण त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. मग माणसे तापाने फणफणू लागली. जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची, शुद्ध हरपायची आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावायचा. मांडवीत रोगी पाहणाऱ्या डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा ताप ओळखला. तो प्लेग होता.

निदान झाले, आता ते सांगायचे कुणाला? व्हिएगस यांच्यापुढे हा प्रश्न नव्हता. ते मुंबई महापालिकेचे निवडून आलेले सदस्य होते आणि स्थायी समितीवरही होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी ही गोष्ट समितीपुढे मांडली. रोग्याच्या खाटेपासून शहराच्या कारभारापर्यंतचे अंतर त्या दिवशी एका माणसाने पार केले.

व्हिएगस मूळचे गोव्याचे. १ एप्रिल १८५६ रोजी बार्देशातल्या हडफडे गावी त्यांचा जन्म झाला. पणजीत वैद्यकीय शाळा होती, पण ते शिकले मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि १८८० साली डॉक्टर झाले. या वाटेने ते पहिलेच आले, असे नाही. पेडण्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीत होते. भाऊ पुढे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. मात्र शेरीफपद हा सरकारने दिलेला मान होता. व्हिएगस १८८८ साली निवडणुकीच्या रिंगणातून पालिकेत गेले, आणि हा फरक लहान नाही.

त्याच साली मुंबई महापालिकेचा नवा कायदा आला होता. सभासद ७२. त्यांतले ३६ करदाते निवडून देत, १६ सरकार नेमी, उरलेले जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठ आणि चेंबर ऑफ कॉमर्स यांच्याकडून येत. मत फक्त कर भरणाऱ्यांना होते, चाळीतल्या गिरणी कामगाराला नव्हते. तरीही गटार, पाणी, साफसफाई आणि साथरोग यांवर सरकारी अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याची ही एक खरी जागा होती. फिरोजशहा मेहतांनी ती गाजवली, तशीच तिथे बसणाऱ्या डॉक्टरांनीही तिला वजन दिले.

‘प्लेग’ हा शब्द सभेत उच्चारण्याचा अर्थ काय होता, हे नीट समजून घ्यायला हवे. मुंबई बंदरावर जगत होती. बंदरात प्लेग आहे असे जाहीर झाले की परदेशी बंदरे जहाजे अडवणार, माल कुजणार, व्यापाऱ्यांचे नुकसान होणार. पुढे घडलेही तसेच. फेब्रुवारी १८९७मध्ये युरोपातल्या सरकारांनी व्हेनिसला खास परिषद भरवली, आणि त्या वर्षी हिंदुस्थानातून हजला जाण्यावर बंदी आली. मांडवी तर व्यापाऱ्यांचीच वस्ती. तिथे रोगी तपासणाऱ्या डॉक्टरला गप्प बसणे सोपे गेले असते. ‘साधा गाठीचा ताप’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. व्हिएगस यांनी तसे केले नाही, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतले मोठे काम हेच.

ऑक्टोबरमध्ये जीवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. ही लस लोकांपर्यंत नेणाऱ्यांत व्हिएगस होते. सुमारे १८ हजार माणसांना त्यांनी लस टोचली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. अनोळखी सुई दंडात घ्यायची, तर टोचणारा ओळखीचा असावा लागतो. वस्तीतल्या डॉक्टरचा उपयोग तिथे होता.

कारण सरकारी उपायांनी लोक धास्तावले होते. रोग्यांना घरातून उचलून नेले जाई, घरे धुतली जात, गटारांत समुद्राचे पाणी सोडले जाई. ऑक्टोबर १८९६च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लाखो लोक शहर सोडून गावाकडे निघाले आणि साथही त्यांच्याबरोबर गेली. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. जूनमध्ये तिथल्या प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या दोन दशकांत देशभरात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने मेली.

म्हणजे व्हिएगस यांच्या निदानाने प्लेग थांबला नाही. उंदरांवरच्या पिसवांतून तो पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले तेच मुळी १८९८ साली. पण रोगाचे नाव वेळेवर पुढे आल्याने लसीचे काम काही आठवड्यांत सुरू होऊ शकले. दाट वस्त्यांचा प्रश्नही मग टाळता येईना. १८९८मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि कोंदट गल्ल्यांत समुद्राचा वारा खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले गेले. त्यात अनेक गरिबांची घरे पडली, हेही विसरता येत नाही.

१९०६ साली व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. ‘महापौर’ हे पद तेव्हा नव्हते. ते १९३१मध्ये आले. या अध्यक्षपदावर बसलेले ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती. १९३३ साली त्यांचे निधन झाले.

काळबादेवीजवळच्या कावेलमधल्या रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर, त्यांचा पुतळा आहे. त्या चौकात बराच वेळ सिग्नलला थांबावे लागते. तेवढ्या वेळात चौथऱ्यावरचे नाव जरूर वाचा.