नवागत विद्यार्थ्यांसाठी गणिताचे ऑनलाइन सराव-प्रश्न : रचना आणि पारख

विद्यापीठात नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून शालेय गणिताची उजळणी ऑनलाइन सराव-प्रश्नांच्या द्वारे करवून घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. असे प्रश्न किती असावेत व कोठून मिळवावेत, याची चर्चा पुष्कळ होते. ते कसे रचावेत आणि विद्यार्थ्यांच्या हाती देण्यापूर्वी कसे पारखावेत, याची चर्चा मात्र त्या मानाने थोडी होते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाचेच विवेचन करण्याचे योजिले आहे.

परीक्षेतील प्रश्न आणि सरावातील प्रश्न यांत एक महत्त्वाचा भेद आहे. परीक्षेतील प्रश्न सदोष निघाला तर तक्रार होते, परीक्षक एकत्र बसतात आणि दोषाचे निवारण होते. सरावातील सदोष प्रश्नाविरुद्ध सहसा कोणीच तक्रार करीत नाही. बुलढाणा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. त्या जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी या गावचा एखादा विद्यार्थी पदवीच्या प्रथम वर्षास दाखल झाला असून रात्री घरी मोबाइलवर सराव करीत आहे, अशी कल्पना करावी. त्याने लिहिलेले बरोबर उत्तर यंत्राने चूक ठरविले, तर त्या वेळी शंका विचारावयास जवळ शिक्षक नसतो. अशा वेळी विद्यार्थी यंत्रास दोष देत नाही. आपणासच गणित येत नाही, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. प्रश्न पारखून घेण्याची आवश्यकता येथे उत्पन्न होते.

१. संख्यांची निवड

नियम सांगावा आणि लगेच उदाहरण घालून तो विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडावा, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (इ. स. ११५०) याच पद्धतीने रचलेली आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखावरून, आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचे कळते. म्हणजे ही उदाहरणे पुढील पिढ्यांच्याही अभ्यासात राहिली.

‘लीलावती’तील मोडलेल्या वेळूचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीस टेकले; तर तो किती उंचीवर मोडला? उंचीच्या वर्गातून अंतराचा वर्ग वजा करून बाकीस उंचीच्या दुपटीने भागले म्हणजे १२ हे उत्तर मिळते. मोडून पडलेला भाग २० हातांचा. १२, १६ व २० या काटकोन त्रिकोणाच्या बाजू होत. उत्तर पूर्णांकात यावे अशाच संख्या येथे योजिल्या आहेत, हे उघड आहे.

आता हेच उदाहरण संगणकास देऊन प्रत्येक विद्यार्थ्यासाठी निराळ्या संख्या निवडावयास सांगितल्या, असे समजू. वेळू ३० हातांचा व अंतर १६ हात आले तर उत्तर १६१/१५ येते. एकास सरळ पूर्णांक आणि शेजाऱ्यास असा अपूर्णांक, हा न्याय नव्हे. अंतर उंचीइतके किंवा तिच्याहून अधिक आले, तर प्रश्नच निरर्थक होतो. यास्तव संख्या उलट दिशेने निवडाव्यात : प्रथम त्रिकोण घ्यावा, मग वेळू. उदाहरणार्थ, ५, १२ व १३ या बाजूंवरून वेळू १८ हातांचा, अंतर १२ हात आणि उत्तर ५ हात असा प्रश्न तयार होतो.

वर्गसमीकरणासही हाच नियम लागू पडतो. सहगुणक वाटेल तसे न घेता आधी मुळे ठरवावीत. मात्र दोन्ही मुळे १ ते ९ या संख्यांतून स्वतंत्रपणे निवडली, तर ८१ जोड्यांपैकी ९ जोड्यांत ती समान येतात. म्हणजे सरासरीने दर नऊ विद्यार्थ्यांत एकास ‘दोन भिन्न मुळे लिहा’ असा अशक्य प्रश्न मिळेल. ही अट रचनेतच घातली पाहिजे.

२. उत्तराची तपासणी

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात इ. स. १९९० नंतरच्या दशकात ‘वेबवर्क’ ही प्रणाली निर्माण झाली. इ. स. २००४ मध्ये ख्रिस सँगविन यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात ‘स्टॅक’ ही प्रणाली सिद्ध केली. विद्यार्थ्याने पर्याय निवडण्याऐवजी स्वतः बीजगणितीय उत्तर लिहावे आणि संगणकाने ते तपासावे, हा या प्रणालींचा विशेष होय. ‘स्टॅक’मधील तपासणी ‘मॅक्सिमा’ या बीजगणिती कार्यक्रमाच्या साहाय्याने होते. विद्यार्थ्याचे उत्तर शिक्षकाच्या उत्तरातून वजा केले असता शून्य उरते की नाही, हे पाहणे ही तिची मूळ कल्पना.

ही कल्पना उपयुक्त असली तरी पुरेशी नाही. ‘क्षचा वर्ग − ५क्ष + ६ या राशीचे अवयव पाडा’ असा प्रश्न घातला आणि विद्यार्थ्याने तीच राशी जशीच्या तशी लिहिली, तरी वजाबाकी शून्यच येते. समतुल्यता आणि अपेक्षित रूप या दोन कसोट्या निरनिराळ्या लावाव्या लागतात. उलटपक्षी, (क्ष − ३)(क्ष − २) आणि (क्ष − २)(क्ष − ३) यांत भेद करणारी तपासणी विद्यार्थ्यावर अन्याय करील.

याहून सूक्ष्म दोष म्हणजे चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर येणे. एकाच पायाच्या घातांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज करण्याऐवजी त्यांचा गुणाकार करणे, ही परिचित चूक आहे. क्षच्या वर्गास क्षच्या वर्गाने गुणावयास सांगितले, तर ही चूक करणाऱ्याचेही उत्तर बरोबर येते. कारण २ + २ आणि २ × २ दोन्ही ४ होत. म + न = म × न ही अट (म − १)(न − १) = १ अशी लिहिता येते; म्हणून धन पूर्णांकांत २ व २ हीच एक जोडी वर्ज्य करावी लागते. प्रश्न रचताना विद्यार्थी करीत असलेल्या प्रत्येक परिचित चुकीचे उत्तर काढून पाहावे आणि ते बरोबर उत्तराहून भिन्न आहे, याची खात्री करावी.

या श्रमाचे फळ दुहेरी आहे. वेळूच्या उदाहरणात २० हे उत्तर आले, तर विद्यार्थ्याने मोडलेल्या भागाची लांबी दिली आहे, सुमारे २७.७ आले, तर त्याने सबंध वेळूसच कर्ण मानले आहे. दोघांनाही केवळ ‘चूक’ असे सांगणे व्यर्थ होय. प्रत्येकास त्याच्या चुकीनुरूप एक वाक्य लिहून ठेवता येते, आणि अनुपस्थित शिक्षकाची जागा ते वाक्य काही अंशी भरून काढते.

लेखनाच्या बाजूकडेही लक्ष हवे. मराठी कळफलकावरून विद्यार्थ्याने १२ हे देवनागरी अंकांत लिहिले आणि प्रणाली केवळ आंतरराष्ट्रीय अंकचिन्हेच ओळखत असेल, तर गणित बरोबर असूनही उत्तर नाकारले जाईल. तद्वतच, मराठी माध्यमात ‘अंश’, ‘छेद’, ‘अवयव’ या संज्ञांनी शिकलेल्या विद्यार्थ्यास प्रश्न इंग्रजीत आल्यास अडखळण्याचे कारण भाषा आहे की गणित, हे आकड्यांवरून कळत नाही. अशा ठिकाणी दोन्ही भाषांतील संज्ञा द्याव्यात.

३. प्रश्नाची पारख

पारखीच्या चार पायऱ्या मानता येतील. पहिली, प्रश्न न रचलेल्या शिक्षकाने तो कागदावर सोडवून पाहणे. दुसरी, संगणकाकडून शक्य त्या सर्व संख्या-निवडी तपासून घेणे. तिसरी, मोजक्या विद्यार्थ्यांना समोर बसवून प्रश्न सोडविण्यास देणे व त्यांची कच्ची आकडेमोड जपून ठेवणे. शिक्षकास न सुचलेल्या चुका येथेच सापडतात. चौथी, प्रत्यक्ष वापरानंतरची सांख्यिकीय छाननी.

या छाननीत दोन मूल्ये प्रमुख आहेत. बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण हे काठिण्यमूल्य; आणि एकूण गुणांनुसार वरच्या व खालच्या गटांतील यशाचा फरक हे भेदनमूल्य. ट्रूमन केली यांनी इ. स. १९३९ मध्ये या गटांसाठी वरचे व खालचे २७ टक्के विद्यार्थी घेणे इष्ट असल्याचे दाखविले. शंभर विद्यार्थ्यांपैकी वरच्या २७ मध्ये २४ जणांचे व खालच्या २७ मध्ये ९ जणांचे उत्तर बरोबर आले असे धरल्यास भेदनमूल्य १५/२७, म्हणजे सुमारे ०.५६ येईल. हे मूल्य ऋण आले तर प्रथम उत्तरसूचीवरच संशय घ्यावा.

तथापि ही मूल्ये परीक्षेसाठी घडविलेली आहेत, याचे विस्मरण होऊ नये. सरावात विद्यार्थी तोच प्रश्न पुनःपुन्हा सोडवितो; म्हणून छाननीत प्रथम प्रयत्नच मोजावा. सर्वांना जमणारा प्रश्न परीक्षेत निरुपयोगी असला, तरी सरावात तो आरंभीचा आधार ठरू शकतो. शिवाय प्रश्न उघडून उत्तर न देताच निघून गेलेल्यांची नोंद निराळी ठेवावी. बीबीच्या त्या विद्यार्थ्याने प्रश्न अर्ध्यावर सोडला, तर यशाच्या टक्केवारीत तो दिसणारच नाही. आणि प्रश्नसंग्रह ज्यांच्यासाठी रचला, त्यांच्यापैकी नेमका तोच गणनेतून निसटेल.

सारांश, शंभर न पारखलेल्या प्रश्नांपेक्षा नीट पारखलेले वीस प्रश्न अधिक उपकारक होत. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक प्रश्न घेऊन तो या चार पायऱ्यांतून नेला आणि आढळलेल्या चुकांची नोंद त्याच्यासोबत जोडली, तर प्रतिवर्षी प्रश्नसंग्रह वाढेल व नवागतांच्या गणितविषयक अडचणींचे विश्वसनीय टिपणही हाती येईल. हे काम लहान असले, तरी संशोधनाच्या शिस्तीने करण्याच्या योग्यतेचे आहे.