मान हलवू नका

मे महिना, दुपारचे दोन. कोकणातल्या जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पंखा फिरतोय, वारा मात्र खाली पोचत नाही. केस पेपरच्या खिडकीपुढची रांग व्हरांडा ओलांडून पायऱ्यांवर आलीय. उन्हातली माणसं पिशव्या डोक्यावर धरून उभी आहेत.

एक टेम्पो आत वळतो. हौद्यात आंब्याच्या रिकाम्या पेट्या, त्यांच्या मधे चादरीवर एक माणूस. आंबे काढायची घळ घेऊन कलमावर चढला होता, फांदी मोडली. डोकं भावाच्या मांडीवर. भाऊ पाणी पाजायला त्याचं डोकं उचलू लागतो, तोच दारातून सिस्टर ओरडते, "उचलू नका! मान तशीच राहू दे!"

स्ट्रेचर येतं. त्याचं एक चाक करकरतंय. डॉक्टर दोन्ही हातांनी डोकं धरतात. "मी तीन म्हटल्यावर. एक, दोन, तीन." वॉर्डातले मामा, ब्रदर आणि भाऊ ते शरीर ओंडक्यासारखं एका रेषेत उचलून घेतात. मानेच्या कॉलरचा पट्टा चर्रकन सुटतो, पुन्हा घट्ट बसतो. हनुवटीखाली घाम साचायला लागतो.

"मान दुखते का?"

तो मान डोलवायला जातो. "काका, हो-नाही तोंडानं सांगा. माझी बोटं दाबा. पाय हलवा." दोन्ही अंगठे हलतात. भाऊ भिंतीला टेकून खाली बसतो.

सीटीच्या दाराबाहेर बाकडं आहे. तिथे एक आजी बसलीय, नातवाचा हात धरून. परवा पडवीच्या पायरीवरून घसरली. तेल चोळलं, शेक दिला. आज एसटीनं आली, स्टँडवरून चालत. मान वळवायची झाली की अख्खं अंग वळवते. तिचं कोणाला फारसं काही वाटत नाही, तिचं तिलाही नाही. झाडावरून पडलेल्याला आधी आत नेतात. ते बरोबरच आहे.

पण मानेचं हाड मोडलेल्यांत आजीसारखेच पुष्कळ असतात. नॉर्वेत लोकसंख्येवर केलेली एक पाहणी 2012 साली प्रसिद्ध झाली. तिथे वर्षाला लाख लोकांमागे साधारण 12 जणांच्या मानेचा मणका मोडतो. त्यांतले 60 टक्के पडून, 21 टक्के मोटारवाहनांच्या अपघातात, 8 टक्के सायकलवर. निम्मे रुग्ण 56 च्या पुढचे. वय चढतं तसा धोकाही चढतो, कारण हाड ठिसूळ होत जातं. आपली झाडं आणि रस्ते वेगळे आहेत, पण त्या दराने दोन लाखांच्या तालुक्यात वर्षाला चोवीस जण होतात. महिन्याला दोन.

दार उघडतं. आजीचा नंबर.

काचेमागे पडद्यावर मानेचे सात मणके एकाखाली एक उमटतात. वरून दुसऱ्या मणक्याला दातासारखं एक टोक असतं. त्यावर पहिला मणका फिरतो, म्हणून आपण डावी-उजवीकडे बघू शकतो. म्हातारपणी साध्या पडण्यानंही तो दात मोडतो. आजीचा मोडलाय, मुळाशी. तंत्रज्ञ बोट ठेवतो, काही बोलत नाही. डॉक्टर धावत येतात आणि आजीलाही कॉलर चढते. दोन दिवस ती या मानेनं वावरतेय.

तिचे हातपाय शाबूत आहेत. त्या पाहणीतही जवळपास 80 टक्के रुग्णांच्या नसा आणि मज्जारज्जू शाबूत होते. हाड मोडलेलं, आतली दोरी वाचलेली. ती पुढेही वाचते की नाही हे कधीकधी उचलणाऱ्या हातांवरही ठरू शकतं. हे मला दुपारी त्या टेम्पोपाशी उभं असताना कळलं.

व्हरांड्यात संध्याकाळची उन्हं उतरतायत. आजी आता स्ट्रेचरवर आडवी आहे, नजर छताकडे. नातू विचारतो, "उशी देऊ?" सिस्टर नको म्हणते.

तुमच्यासमोर कोणी पडलं आणि मान दुखते म्हणालं, तर त्याला बसवू नका, पाणी पाजायला डोकं उचलू नका. दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी 108 लावायला सांगा.