कबुलीजबाबाचा कागद : तो कसा घेतला गेला व कसा वाचावा

भोकर तालुका इ. स. १९४८ पर्यंत निजामच्या राज्यांत होता. अशा मुलखांतील दप्तरें चाळतांना संग्राहकाच्या हातीं एखादी जबानी येते. तींत आरोपीनें गुन्हा कबूल केलेला असतो. तेवढ्यावरून तो दोषी होता असें लिहावें काय? कागद खरा असणें व त्यांतील मजकूर खरा असणें ह्या दोन भिन्न गोष्टी होत. म्हणून कबुली कोणत्या रीतीनें मिळविली जात असे, हें येथें थोडक्यांत सांगतों.

मराठी अमदानींत वादी-प्रतिवादींच्या तकरिरा लिहून घेत, त्यांस पुरशिस म्हणजे उलटतपासणीचे प्रश्न करीत. लेख, भोग व साक्षी यांनीं निर्णय न लागल्यास दिव्य करवीत. रवादिव्यांत तापविलेल्या तेला-तुपांतून धातूचा तुकडा हातानें काढावा लागे. मग हात पिशवींत बांधून मोहोर करीत व तिसरे दिवशीं पाहात. हरलेला पक्ष यजितपत्र लिहून देई. अर्थात् यजितपत्र म्हणजे मनापासूनची कबुली नव्हे. तो निवाड्याचाच एक विधि होय.

एकोणिसाव्या शतकांत दुसरी रीत आली. ठगांच्या बंदोबस्ताचा प्रमुख कर्नल स्लीमन यानें माफीच्या साक्षीदारांवर सर्व भिस्त ठेविली. त्यांस निरनिराळें ठेवून जबान्या घ्यावयाच्या, त्या ताडून पाहावयाच्या, अनेकांतून आरोपी ओळखवावयाचा आणि सांगितलेल्या जागीं खणून प्रेतें काढावयाचीं, असा हा क्रम होता. निजामच्या मुलखांतही ठगांचा तपास झाला. परंतु साक्षीदाराचा जीव इतरांचीं नांवें सांगण्यावर अवलंबून असे, आणि इ. स. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें एवढेंच जन्मकैदेस पुरेसें ठरविलें. तेव्हां प्रेत सांपडल्यानें खून सिद्ध होई. पण नांव घेतलेला प्रत्येक मनुष्य खुनी होता, हें तितक्यानें सिद्ध होत नाहीं. निजामच्या नोकरींतील मेडोज टेलर यानें इ. स. १८३९ त प्रसिद्ध केलेलें ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ हें पुस्तक तर कादंबरी आहे. तिचा नायक अमीर अली हा कादंबरींतील पात्र आहे, अस्सल जबानी देणारा इसम नव्हे, हें विसरूं नये.

तिसरी रीत मारहाणीची. मद्रास इलाख्यांत इ. स. १८५५ सालच्या चौकशी मंडळानें सारावसुलीसाठीं व कबुलीसाठीं छळ होत असल्याचें नमूद केलें. बोटें चिमट्यांत दाबणें, मनुष्यास वांकवून बांधून ठेवणें, असे प्रकार त्यांत आहेत. पुढें इ. स. १८६१ च्या फौजदारी कायद्यांत व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत पोलिसांपुढील कबुली त्याज्य ठरली. धाकानें अथवा लालुचीनें काढलेली कबुलीही बाद झाली. मात्र कलम २७ प्रमाणें आरोपीच्या सांगण्यावरून वस्तु सांपडल्यास तेवढाच भाग ग्राह्य धरीत. ‘हत्यार अमुक ठिकाणीं पुरलें आहे’ हें चाले. ‘त्यानें मीं खून केला’ हें चालत नसे. हैद्राबाद संस्थानच्या मुलखास हा कायदा इ. स. १९५१ त लागू झाला. इ. स. २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली असली, तरी हें तत्त्व कायम आहे.

यावरून संग्राहकानें चार प्रश्न करावे. जबानी कोणापुढें झाली? त्या वेळीं जबानी देणारा कैदेंत होता काय? कबुलीपासून त्याला काय मिळणार होतें? आणि तिला बाहेरचा कांहीं दाखला आहे काय? शिवाय बोली एक, लेखनाची भाषा दुसरी व उपलब्ध भाषांतर तिसरें, असें पुष्कळदां असतें; तेव्हां शब्दांवर फार भार देऊं नये.

ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत ‘यानें गुन्हा केला’ असें न लिहितां ‘यानें कबुली लिहून दिल्याचें दिसतें’ एवढेंच लिहावें. मेलेला मनुष्य आपली जबानी फिरवूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें ती तपासणें हें संशोधकाचें काम आहे.