पाठीवरचं पाणी पोटात जायला हवं

अलिबागहून रेवदंडा, काशीद करत मुरूड गाठायचं, आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी घालून दिघीला उतरायचं आणि दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धनवरून हरिहरेश्वरला पोचायचं, ही मुंबई-पुण्याच्या रायडरांची लाडकी वाट. डांबरी सोडून जांभ्याच्या सड्यावर चढणाऱ्या, वाड्या-वस्त्या जोडणाऱ्या कच्च्या वाटांना गाडी घालणारेही आता पुष्कळ दिसतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठीवर हायड्रेशन पॅक असतो. आत पाण्याचा ब्लॅडर, खांद्यावरून तोंडाशी आलेली नळी आणि टोकाला दातांनी दाबून ओढायचा बाइट व्हॉल्व्ह.

या पॅकचा जन्म सायकलवर झाला. १९८९ साली टेक्सासमधल्या भर उन्हातल्या शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन या स्पर्धकानं सलाइनच्या पिशवीत पाणी भरलं, ती मोज्यात घातली आणि पाठीवर लावून नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्यातूनच ‘कॅमलबॅक’ हा ब्रँड उभा राहिला. हँडल न सोडता पाणी पिता यावं, एवढाच त्याचा हेतू होता. पॅक निवडताना आपणही हाच हेतू धरून बसावं. खांदे कापणारा, मानेला टोचणारा किंवा नळी तोंडाशी न येणारा पॅक दिवसभर भरलेलाच राहतो. पाणी पाठीवर असतं आणि माणूस मात्र तहानलेला. किनाऱ्यावरच्या रायडरांमध्ये याबाबत जे समज पक्के बसले आहेत, ते एकेक करून तपासू.

गैरसमज : समुद्राचा वारा आहे, इथे पाणी कमी लागतं.

वस्तुस्थिती : घाम आल्यानं अंग थंड होत नाही, तो सुकल्यानं होतं. एक लीटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. तोच घाम थेंब थेंब गळून गेला तर पाणी जातं आणि उष्णता आतच राहते. दमट हवेत नेमकं हेच होतं. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार कमाल तापमान ४० अंशांवर गेल्यावर करतं, पण किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच करतं. १६ एप्रिल २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातल्याच खारघरला मोकळ्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघातानं १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यापुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण कोकणातल्या दमट हवेत तो जीव घेऊ शकतो.

त्यात ऑफ-रोड रायडर हेल्मेट, आर्मर, गुडघ्याचे गार्ड आणि बूट घालून असतो, खड्ड्या-दगडांतून बहुतेक वेळ फूटपेगवर उभा असतो आणि वेग इतका कमी असतो की वारा अंगाला लागतच नाही. अशा वेळी तासाला एक लीटर घाम सहज जातो. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करून पाहा. जितके किलो कमी भरले, साधारण तितके लीटर पाणी तुम्ही पिण्यात मागे पडलात. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं की दमही कमी पडतो आणि लक्षही ढळू लागतं. सत्तर किलोच्या माणसाला तिथवर जायला दीड लीटरसुद्धा लागत नाही.

गैरसमज : घ्यायचाच तर तीन लीटरचा घ्यावा.

वस्तुस्थिती : डकार रॅलीत मोटारसायकलस्वाराला किमान तीन लीटर पाणी बाळगावंच लागतं, कारण वाळवंटात मैलोन्‌मैल कुणी भेटत नाही. आपल्या किनाऱ्यावर सडा ओलांडला की तास-दोन तासांत एखादं गाव लागतं. तीन लीटर पाणी म्हणजे तीन किलो. वर ट्यूब, पान्हे आणि पंप भरले की पाठीवर पाच-सहा किलो होतात, आणि उभ्यानं गाडी चालवताना प्रत्येक खड्ड्याला ते खांद्यांवर आदळतात. बहुतेकांना दोन लीटरचा ब्लॅडर पुरतो. जास्तीचं पाणी आणि हत्यारं गाडीच्या टेलबॅगेत किंवा सॅडलबॅगेत बांधावीत. तिथं तो भार गाडी वाहते.

याउलट, वाटेत शहाळी मिळतात म्हणून पाणी न नेणंही चूक. अलिबाग-मुरूड रस्त्यावर शहाळेवाले जागोजागी आहेत. सड्यावर चढलात की झाडाची सावलीसुद्धा शोधावी लागते.

गैरसमज : ट्रेकिंगची चांगली सॅक असेल तर तीच चालते.

वस्तुस्थिती : ट्रेकिंगची सॅक चालणाऱ्या माणसासाठी बेतलेली असते. ती भार कमरेवर टाकते. गाडीवर बसलात की तोच कमरेचा पट्टा पोटात रुततो आणि सॅकचा तळ सीटला टेकून अख्खी सॅक वर ढकलली जाते. उतारावर मान वर करून पुढे पाहायला जावं, तर हेल्मेटची मागची कड सॅकवर आपटते. मग रायडर मान खाली घालतो आणि नजर पुढच्या चाकाशी अडकते. ऑफ-रोडिंगला याहून वाईट सवय नाही.

गाडीसाठीचा पॅक आखूड आणि चपटा हवा. तो कॉलरच्या खाली सुरू होऊन सीटच्या बराच वर संपला पाहिजे. खांद्याचे पट्टे रुंद असावेत आणि काखेत न रुतता छातीवर एकत्र येणारे असावेत. अरुंद पट्टा गळ्याच्या हाडाशी दाबून बसला की हाताकडे जाणाऱ्या नसांवर भार येतो. त्यात हँडलची थरथर मिळाली की बोटं बधिर होतात, आणि त्याच बोटांनी ब्रेक दाबायचा असतो.

पाठीकडच्या जाड गाद्यांनाही भुलू नका. कोकणातल्या हवेत कुठलीच गादी पाठ कोरडी ठेवत नाही, उलट जाड फोम घाम शोषून जड होतो. पाठीला कमीत कमी टेकणारा, जाळीचा, मधून हवा खेळणारा पॅक बरा.

गैरसमज : पट्टे करकचून आवळले की पॅक हलत नाही.

वस्तुस्थिती : पॅकच्या आत पाणी डचमळतं ते बहुधा ब्लॅडरमध्ये राहिलेल्या हवेमुळे. पाणी भरून तोंड बंद करा, ब्लॅडर उलटा धरा आणि नळीतून हवा ओढून घ्या. बुडबुडे संपून पाणी आलं की थांबा. आता ब्लॅडर पाठीला चपटा बसतो आणि आवाजही बंद होतो. पट्टे मात्र पोट भरून श्वास घेता येईल इतकेच आवळावेत. पाणी संपत जाईल तसा पॅक सैल पडतो, म्हणून हातमोजे न काढता ओढता येतील असे पट्टे निवडा.

नळीतलं पाणी उन्हात सगळ्यात आधी तापतं. घोट घेतल्यावर नळीत हलकी फुंकर मारून पाणी परत ब्लॅडरमध्ये ढकललं की पुढचा घोट गरम लागत नाही. बर्फ घालायचाच तर खाण्याचा घाला. भरडखोल किंवा आगरदांड्याच्या जेट्टीवर मासळीसाठी येणारा बर्फ पिण्याच्या पाण्यासाठी नसतो. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून आहे तो त्यासाठीच.

गैरसमज : पाठीवर पाण्याची गादी आहे, पडलो तरी पाठ वाचेल.

वस्तुस्थिती : पाठ वाचवतो तो बॅक प्रोटेक्टर. ‘ईएन १६२१-२’ ही खूण असलेला प्रोटेक्टर आघात शोषण्याच्या कसोटीवर तपासलेला असतो. ब्लॅडरची अशी कुठलीही चाचणी झालेली नसते. धोका उलट बाजूनं आहे. पॅकमध्ये मणक्यावर येईल असा पान्हा किंवा पंप ठेवला असेल, तर पडल्यावर तोच पाठीत घुसतो. पॅकमध्ये पाणी, प्रथमोपचाराचं मऊ सामान आणि खाऊ एवढंच असावं.

गैरसमज : भरपूर साधं पाणी प्यायलं की झालं.

वस्तुस्थिती : दुपारी जर्सीवर आणि पॅकच्या पट्ट्यांवर पांढऱ्या रेघा दिसतात, ते घामातून गेलेलं मीठ असतं. तासन्‌तास घाम गाळून नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं. डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो, आणि माणूस ते उन्हाचं समजून आणखी पाणी पितो. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, आणि जेवणात मीठ, हा साधा नेम. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम मात्र कमी. त्यापेक्षा मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत घामाची भरपाई अधिक चांगली करतं. लांबच्या दिवशी ओआरएसची पुडी सोबत ठेवा आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवा. नावात ओआरएस मिरवणारी गोड पेयं वेगळी. तसं नाव वापरण्याची सवलत अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून घेतली. रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

सरबत आणि ओआरएस वेगळ्या बाटलीत ठेवा, ब्लॅडरमध्ये फक्त पाणी. साखर नळीच्या आत चिकटली की कोकणातल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. परतल्यावर ब्लॅडर, नळी आणि व्हॉल्व्ह खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुवा आणि उघडे टांगून सुकवा. रुंद तोंडाचा ब्लॅडर आणि सुटी होणारी नळी घेतली असेल तर हे काम पाच मिनिटांचं.

मग निवडायचा कसा?

दुकानात जाताना जॅकेट, आर्मर आणि हेल्मेट घेऊन जा. टी-शर्टवर बसणारा पॅक आर्मरवर बसेलच असं नाही. ब्लॅडरमध्ये दोन लीटर पाणी भरायला सांगा, कारण रिकामा पॅक सगळ्यांनाच बरा वाटतो. मग स्वतःच्या गाडीवर बसा, ती मेन स्टँडवर असली तरी कुणाला तरी धरायला सांगून फूटपेगवर उभे राहा, गुडघे वाकवून पुढे झुका. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. मान वर करा, हेल्मेट कुठे लागतं का ते बघा. हातमोजे घालून छातीचं बक्कल उघडा. शेवटी नजर समोर ठेवून एका हातानं नळी शोधा, हेल्मेटखालून तोंडात घ्या आणि घोट घ्या. खाऱ्या हवेत पॅकची लोखंडी चेन गंजून अडकते, तेव्हा चेन आणि बकलं प्लॅस्टिकची आहेत ना, तेही पाहा.

या कसोटीत ज्या पॅकमधून घोट सहज घेता आला, तो तुमचा. किंमत, लीटर आणि रंग यांचा विचार त्यानंतर करा.