विद्यापीठाचं ग्रंथालय मोबाइलवर : पोस्ट कशी हवी, विद्यार्थ्यांनी काय पाहावं?

मुक्ताईनगर : जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचं, तर इथल्या विद्यार्थ्याला भुसावळमार्गे जळगाव गाठून पुढे गिरणाकाठापर्यंत जावं लागतं. दार बंद दिसलं, की भाडंही गेलं अन् दिवसही.

म्हणूनच कुठल्याही ग्रंथालयाचं सोशल मीडिया खातं नुसतं जयंती-पुण्यतिथीच्या फोटोंसाठी नसतं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. पोस्टलाही हीच कसोटी लावावी.

- सुट्टी किंवा बदललेली वेळ आदल्या दिवशीच, तारीख-वारासह सांगावी.
- सूचना टाइप करूनच टाकावी. रेंज कमी असली, की पत्रकाचा फोटो लवकर उघडत नाही.
- घरबसल्या मिळणाऱ्या गोष्टींची लिंक द्यावी. ‘शोधगंगा’वर पीएच.डी.चे प्रबंध मोफत वाचता येतात.

विद्यार्थ्यांनीही नुसत्या फॉरवर्डवर विसंबून निघू नये. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अधिकृत खातं शोधावं, तिथली ताजी तारीख पाहावी आणि मगच एसटी पकडावी. कमेंटमध्ये मोबाइल नंबर टाकू नये आणि ओटीपी तर कुणालाच सांगू नये.