एकाच तारखेच्या दोन नोंदी

इंग्लंडमध्ये कुणाला आजीचा जन्मदाखला मिळतो. जन्मस्थळ : 144ए, ब्राउनलो हिल, लिव्हरपूल. वाटतं, एखादं घर असेल. पण तो असतो हजारो निराधारांना सामावणाऱ्या अवाढव्य वर्कहाऊसचा पत्ता! अशा बाळांच्या दाखल्यावर संस्थेचं नाव टाळून नुसता पत्ता लिहायला 1904 पासून मुभा मिळाली. गरिबीचा डाग जन्मभर चिकटू नये म्हणून. किती मायेचा हा आडपडदा, आणि शोधणाऱ्याला किती चकवणारा!

1834 च्या कायद्याने वर्कहाऊस चालवण्यासाठी इंग्लंडमधल्या पॅरिशांचे, म्हणजे स्थानिक विभागांचे, गट करून ‘युनियन’ बनवल्या. म्हणून आधी पूर्वजाचं पॅरिश शोधायचं, मग त्याची युनियन, मग तिची दप्तरं. दर दहा वर्षांच्या जनगणनेतही वर्कहाऊसमधली माणसं सापडतात. मात्र काही ठिकाणी फक्त आद्याक्षरांनी. खरा खजिना म्हणजे प्रवेश आणि सुटकेच्या नोंदवह्या. कोण कधी आत आलं, कधी बाहेर पडलं, हे त्यांत असतं. आणि तेवढ्यातूनही काय काय उलगडतं!

लंडनमधल्या लॅम्बेथचं उदाहरण पाहा. 1898 च्या उन्हाळ्यात हॅना चॅप्लिन आपल्या दोन मुलांसह तिथल्या वर्कहाऊसमध्ये आली. धाकटा चार्ली नऊ वर्षांचा. आत गेलं की कुटुंबाची ताटातूट ठरलेलीच. मुलांची रवानगी नॉरवुडच्या शाळेत झाली. पण वर्कहाऊस म्हणजे तुरुंग नव्हे, रीतसर सूचना देऊन बाहेर पडता येई. ऑगस्टमध्ये हॅनाने नेमकं तेच केलं. स्वतःची आणि मुलांची सुटका मागून घेतली, तिघं केनिंग्टन पार्कात गेली. वर्तमानपत्राच्या बोळ्याला दोरी गुंडाळून केलेल्या चेंडूने खेळली, चेरी खाल्ल्या. संध्याकाळी पुन्हा दारात हजर! सगळे सोपस्कार नव्याने करताना कर्मचारी वैतागले.

पुढे जगभर गाजलेल्या चार्लीने आत्मचरित्रात हा दिवस सांगितला नसता, तर दप्तरात उरलं असतं ते इतकंच : सुटका आणि प्रवेश, तारीख एकच. मुलांसोबत काही तास मिळावेत म्हणून एका आईने लढवलेली ती युक्ती होती, हे त्या रकान्यांतून कुणाला कळलं असतं?

म्हणून पणजीच्या नावापुढे एकाच दिवशीचं जाणं-येणं दिसलं, तर पान उलटू नये. त्याच तारखेला मुलांची नावं कुठे आहेत का, ते आधी पाहावं.